गुप्तरोगांचा इतिहास आणि विद्यापीठांचे कर्तव्य

वेंगुर्ले बंदराच्या व्यापाराचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली, १८१२ मध्ये हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, पुढे आगबोटींनी ते मुंबईशी जोडले गेले, हे सारे तपशील कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात सापडतात. परंतु याच धक्क्यावरून जी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत मजुरी करावयास गेली आणि त्यांपैकी जी आजार घेऊन घरी परतली, त्यांच्या दुखण्यांची नोंद इतिहासात क्वचितच आढळते. त्यांतही ज्या दुखण्यांना भाषेनेच ‘गुप्तरोग’ असे नाव देऊन टाकले, त्यांच्याविषयी तर बोलावयाचेच नाही, असा आपल्या समाजाचा दंडक आहे. गावात गरमी आणि परमा हे शब्द सर्वांना ठाऊक असतात. ते उच्चारले मात्र जातात कुजबुजत.

हा विषय एका राजकीय पक्षाच्या साप्ताहिकाने का हाती घ्यावा, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. क्षय हा जसा गिरणी कामगाराच्या अंधाऱ्या खोलीचा आजार होता, तसेच लैंगिक रोग हे कुटुंबापासून तोडलेल्या श्रमिकाचे, बाजारात विकल्या गेलेल्या स्त्रीचे आणि गावी एकटी राहिलेल्या त्याच्या पत्नीचे आजार होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर १००० पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सुमारे ५२५ होती. ज्या शहराने पुरुषाचे श्रम विकत घेतले, पण त्याच्या संसाराला जागा नाकारली, त्या शहराच्या अर्थव्यवस्थेचा हा हिशेब आहे. रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचा काही भागही त्यातच आला, हा त्या शहराला मजूर पुरविणारा सर्वांत मोठा प्रदेश होता. तेव्हा लैंगिक आरोग्याचा इतिहास हा कोकणच्या श्रमिकांच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

आता वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थिनीने या विषयावर संशोधन करावयाचे ठरविले, तर तिला काय सापडेल?

सर्वांत जुना दुवा तिला याच किनाऱ्यावर मिळेल. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त उपदंशाला ‘फिरंगरोग’ असे नाव आहे आणि त्यावर चोपचिनीचा उपचार सांगितला आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथातही या चोपचिनीची चर्चा आहे. रोग परक्याच्या नावाने ओळखण्याची रीत जगभर होती. फ्रेंचांनी तो नेपल्सचा म्हटला, इतरांनी तो फ्रेंचांचा म्हटला. रोगाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकण्याची ही सवय पुढील चारशे वर्षे सुटलेली नाही, आणि या संपूर्ण इतिहासाचे सूत्रही तेच आहे.

पुढचा टप्पा मुंबईतील महाराष्ट्र शासनाच्या अभिलेखागाराचा. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील या अभिलेखागारात इंग्रज राजवटीच्या कारभाराची दप्तरे आहेत. लैंगिक रोगांच्या बाबतीत त्या कारभाराचा केंद्रबिंदू होता १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा. लष्करातील गोऱ्या सैनिकांना होणारे उपदंशाचे आजार ही सरकारची चिंता होती. त्यावर उपाय असा की, वेश्यांची नावे पोलिसांनी नोंदवावयाची, त्यांची ठराविक मुदतीने सक्तीची तपासणी करावयाची आणि रोग आढळल्यास त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या बंद रुग्णालयात डांबावयाचे. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची अशी तपासणी नव्हती. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला. खर्चाचा वाटा कोणी उचलावयाचा यावरून सरकार आणि नगरपालिका यांच्यात वाद झाला, १८७२ मध्ये अंमल थांबला, १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला आणि १८८८ मध्ये कायदाच रद्द करावा लागला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या वादात विशेष रस वाटेल. स्त्रियांच्या अब्रूचा किंवा रुग्णांच्या वेदनेचा प्रश्न जेथे निर्णायक ठरला नाही, तेथे खर्चाच्या वाट्याचा प्रश्न ठरला. सैन्याच्या तब्येतीचा भार शहराच्या करदात्याने का सोसावा, हा तक्रारीचा सूर होता. ज्या स्त्रीची तपासणी व्हावयाची, तिचे म्हणणे काय, हे विचारण्याची गरज यांपैकी कोणालाच भासली नाही. कायदा रद्द होण्यामागे इंग्लंडमधील जोसेफिन बटलर यांनी चालविलेल्या मोठ्या चळवळीचा दबाव होता. त्या चळवळीचे कागद आज लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयातील स्त्रीविषयक संग्रहात काळजीपूर्वक जपलेले आहेत. म्हणजे सरकारची बाजू मुंबईत वाचावयास मिळते, सरकारविरुद्ध लढणाऱ्या इंग्रज स्त्रियांची बाजू लंडनच्या विद्यापीठात मिळते. आणि ज्या स्त्रीवर हा कायदा चालला, तिची बाजू कोठेच मिळत नाही.

हाच प्रकार गॅझेटियरचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीवरील दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देवळांच्या सेवेत असलेल्या भाविणी आणि देवळी यांची माहिती आहे. पण ती प्रशासकाच्या नजरेतून आलेली माहिती आहे. एका संपूर्ण समाजगटावर नीतीचा एक शिक्का मारून लेखक पुढच्या जातीकडे वळतो. १९३४ मध्ये मुंबई सरकारने देवदासी संरक्षण कायदा केला. या दोन तारखांच्या मधील पन्नासहून अधिक वर्षांत वेंगुर्ले, शिरोडा, सावंतवाडी या भागातील त्या स्त्रियांच्या आरोग्याचे, उपजीविकेचे आणि स्थलांतराचे काय झाले, हे शोधावयाचे असेल तर देवस्थानांचे हिशेब, न्यायालयांतील खटले आणि रुग्णालयांच्या नोंदवह्या धुंडाळाव्या लागतील.

रुग्णालयांच्या नोंदींचा प्रश्न वेंगुर्ल्याला तर फारच जवळचा आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने येथे सेंट ल्यूक्स रुग्णालय चालविले. तेथील डॉक्टर गोहीन यांचे चिरंजीव रॉबर्ट गोहीन यांचा जन्म १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच झाला. पुढे १९५७ पासून १९७२ पर्यंत ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचे भारतातील राजदूत. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातील कागदपत्रे प्रिन्स्टनच्या विद्यापीठ-अभिलेखागारात ठेवलेली आहेत आणि प्रेस्बिटेरियन मिशनचे दप्तर फिलाडेल्फियाच्या इतिहास-संस्थेत आहे. परदेशी संस्थांनी आपले कागद जपले, याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात कोणते रुग्ण आले, याची चौकशी करण्यासाठी तेथील विद्यार्थिनीला फिलाडेल्फियाची वाट धरावी लागावी, ही आपल्या विद्यापीठांना खाली मान घालावयास लावणारी गोष्ट आहे.

येथवर ज्या कागदांचा विचार केला ते लष्कराचे, पोलिसांचे, प्रशासकांचे आणि मिशनचे. त्यांत सामान्य माणूस हा तपासणीचा, उपचाराचा किंवा उपदेशाचा विषय आहे. ज्यात तो स्वतः बोलतो असा एक मोठा ठेवा मात्र मराठीत आहे आणि तो एका गणिताच्या प्राध्यापकाने निर्माण केला. कोकणातच, मुरूड येथे १८८२ मध्ये जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे हे ते प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. पत्नी मालतीबाई यांची त्यांना या कार्यात साथ होती. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ या विषयावर त्यांनी मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. विल्सन महाविद्यालयाने नोकरी आणि प्रचार यांतून एकाची निवड करावयास सांगितले, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले आणि १९५३ च्या ऑक्टोबरात त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते त्यांनी पदरमोड करून चालविले.

‘समाजस्वास्थ्या’चे वैशिष्ट्य कर्व्यांच्या लेखांइतकेच वाचकांच्या प्रश्नांत आहे. जे प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारता येत नव्हते आणि डॉक्टरांपुढे मांडण्याची लाज वाटत होती, ते लोक पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय भाषेत, आडपडदा न ठेवता उत्तर देत. मराठी मध्यमवर्गीयाच्या भीतीचा, अज्ञानाचा आणि कुतूहलाचा सव्वीस वर्षांचा हा आलेख आहे. त्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. लिहितावाचता येणाराच प्रश्न पाठवू शकत होता. गिरणीतला निरक्षर मालवणी मजूर आणि त्याची बायको या पृष्ठांवर फारशी भेटणार नाहीत. तरीही सरकारी दप्तरात जे माणूसपण सापडत नाही, ते येथे सापडते.

सरकारला नेमकी हीच गोष्ट खुपली. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून कर्व्यांवर पहिला खटला झाला व १०० रुपये दंड झाला. १९३४ चा दुसरा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच होता. या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. लैंगिक प्रश्नांना उत्तर देणे हा मासिकाचा विषयच असेल, तर त्या उत्तरांना अश्लील कसे म्हणता येईल, अशी त्यांच्या प्रतिपादनाची दिशा होती. खटला हरला आणि २०० रुपये दंड झाला. तथापि आंबेडकरांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरुद्ध ५२ मते पडली. मजुरांच्या नावाने निवडून आलेल्या पक्षाने हा ठराव आणला, हे आजच्या कार्यकर्त्यांनी विसरू नये. मजुरी, घर आणि शरीरावरचा अधिकार या गोष्टी त्या पक्षाने एकाच विचारात गुंफल्या होत्या.

असा ठेवा हाती असताना विद्यापीठांनी काय केले? य. दि. फडके यांनी कर्व्यांचे चरित्र लिहिले, अनंत देशमुख यांनी त्यांचे साहित्य परिश्रमपूर्वक संकलित केले. ही कामे व्यक्तींच्या चिकाटीने उभी राहिली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाकडून याहून मोठी अपेक्षा होती. येथे दोन परदेशी उदाहरणे ध्यानात घेण्यासारखी आहेत. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात आल्फ्रेड किन्सी हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मानवी लैंगिक वर्तनाचा अभ्यास करू लागले, तेव्हा तेथेही संतापाचे वादळ उठले. परंतु विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स आपल्या प्राध्यापकाच्या पाठीशी राहिले. १९४७ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि जकात खात्याने अडवून ठेवलेले संशोधन-साहित्य मिळविण्याची लढाई १९५७ मध्ये न्यायालयात जिंकली गेली. दुसरे उदाहरण बर्लिनचे. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये तेथे लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. १९३१ मध्ये ते हिंदुस्थानातही येऊन गेले. १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी त्यांचे ग्रंथालय लुटले आणि भर चौकात पुस्तकांची होळी केली. आपल्याकडे होळी करण्याची वेळ आली नाही. दमट हवा, वाळवी आणि उदासीनता यांनीच ते काम करून ठेवावे, अशी व्यवस्था आपण चालू ठेवली आहे.

हा केवळ जुन्या कागदांचा जिव्हाळा नव्हे. इतिहास ठाऊक नसल्याची किंमत या राज्याने अनेकदा मोजली आहे. कर्वे संततिनियमनाकडे स्त्रीच्या स्वातंत्र्याचे साधन म्हणून पाहत. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि आणीबाणीत १९७६ मध्ये त्याच साधनाची सक्ती झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १८६८ च्या कायद्याचा अनुभव ज्यांच्या डोळ्यांसमोर असता, त्यांना हे पाऊल कोठे नेते ते आधीच कळले असते.

एड्सच्या बाबतीतही तेच घडले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा रोग मुंबईत दिसू लागताच पहिले बोट वेश्यांकडे वळले. त्यांना रोगाचे वाहक मानण्याऐवजी आरोग्याच्या कामातील सहकारी मानले तर काय होते, हे १९९२ पासून सांगलीत संग्राम या संस्थेने दाखवून दिले. तेथे वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी स्वतः निरोधवाटप आणि आरोग्यशिक्षण हाती घेतले. सक्तीची तपासणी जे साधू शकली नव्हती, ते विश्वासाने आणि संघटनेने साधण्याची वाट तेथे दिसली. हा धडा मात्र शासनाच्या पचनी पडला नाही. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली. ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाल्याला त्या वर्षी बरोबर ऐंशी वर्षे होत होती.

औषधाच्या इतिहासातही असाच धडा आहे. १९१० मध्ये साल्व्हर्सान आले, पण त्याच्या सुया गरिबाला परवडणाऱ्या नव्हत्या. पेनिसिलिनने उपदंश बरा करता येतो हे १९४३ मध्ये सिद्ध झाले. परंतु गरिबापर्यंत ते पोहोचावे म्हणून १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभारावा लागला. रोगाला पाप मानणाऱ्यांनी उपदेश केला. सार्वजनिक मालकीच्या कारखान्याने औषध दिले. आरोग्याचा इतिहास शिकविताना हे उदाहरण वर्गात कधी दिले जाते काय?

या संशोधनावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, हा विषय अभ्यासण्याजोगा नाही, असा. त्याला उत्तर देण्याचे कारण उरलेले नाही. ते १९३४ मध्येच दिले गेले आहे. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. रुग्णाच्या नोंदी उघड केल्या, तर त्याच्या वंशजांची गावात मान खाली जाईल. वेंगुर्ल्यासारख्या गावात, जेथे घरटी माणसे एकमेकांना ओळखतात, हे भय खोटे नाही. १८६८ च्या कायद्यानेही स्त्रियांची नावे नोंदवहीत चढवूनच त्यांना अपमानित केले होते. संशोधकाने तेच पुन्हा करू नये. म्हणून नावे आणि पत्ते झाकून अभ्यासकाला कागद देण्याची, अलीकडच्या नोंदी ठराविक काळ बंद ठेवण्याची आणि प्रत्येक मागणीची शहानिशा करणारी समिती नेमण्याची पद्धत अवलंबिता येईल. गोपनीयतेचे रक्षण करण्याचे मार्ग आहेत. तिचे निमित्त करून नोंदवह्या रद्दीत घालणे हा त्यांपैकी मार्ग नव्हे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मुंबई विद्यापीठाने लैंगिक आरोग्याच्या इतिहासाचा स्वतंत्र संग्रह उभारावा. ‘समाजस्वास्थ्या’चे सर्व अंक, खटल्यांची कागदपत्रे, संततिनियमन केंद्रांची आणि सार्वजनिक रुग्णालयांची जुनी दप्तरे त्यात आणावीत, त्यांच्या प्रतिमा संगणकावर घ्याव्यात आणि त्या सर्वांना विनामूल्य पाहता याव्यात. परदेशांतील विद्यापीठांत आणि मिशनच्या संस्थांत असलेल्या महाराष्ट्रविषयक कागदांच्या प्रती विद्यापीठाने अधिकृतपणे मागून घ्याव्यात. वेंगुर्ल्याच्या मिशन रुग्णालयापासून हे काम सुरू करता येईल. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी वृद्ध परिचारिका, सुइणी, वैद्य, गिरणी कामगार आणि त्यांच्या पत्नी यांच्या मुलाखती त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. जे कधी लिहिले गेले नाही ते मिळविण्याचा हा एकच मार्ग आहे आणि ही पिढी फार काळ राहणार नाही. या सर्व कामाला लागणारा पैसा एखाद्या पुतळ्याच्या खर्चापेक्षा अधिक नसेल.

कार्यकर्त्यांनीही हे काम विद्यापीठावर सोपवून स्वस्थ बसू नये. आज आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी मजूर येतो, मासेमारीच्या नौकांवर परप्रांतीय खलाशी राबतात. घर सोडून आलेल्या या माणसांच्या आरोग्याकडे बागायतदार आणि नौकामालक यांनी डोळेझाक करावी आणि उद्या रोग दिसताच बोट मात्र त्यांच्याचकडे दाखवावे, हे पुन्हा घडू द्यावयाचे नसेल तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात निनावी तपासणी, मोफत औषध आणि समजेल अशा भाषेत सल्ला मिळतो की नाही, हे आपण जाऊन पाहिले पाहिजे. मिळत नसेल तर त्यासाठी ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत आवाज उठविला पाहिजे. आणि हे काम करताना जे दिसेल, जे ऐकू येईल, त्याची नोंद नावे वगळून लिहून ठेवली पाहिजे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला श्रमिकाची बाजू तरी सापडेल.